तांबोळी मॅडमची अँटेना

तांबोळी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या दवाखान्यात, सदाशिव पेठेत. मी दातांची डॉक्टर. बाहेरच्या बाकावर त्या आपल्या नंबरची वाट पाहत बसल्या होत्या आणि फोनवर गॅसवाल्याला अतिशय शांतपणे त्याची चूक समजावून सांगत होत्या. शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ ते कौतुकानं ऐकत होते. फोन संपल्यावर त्यांनी मॅडमना नाव विचारलं आणि नाव ऐकल्यावर म्हणाले, “किती स्वच्छ मराठी बोलता हो आपण. वाटतच नाही.”

“काय वाटत नाही?”

गृहस्थ गडबडले. “नाही, म्हणजे, तांबोळी ना आपण…”

“हो. आपलंही मराठी बरं आहे. सराव ठेवा.”

आत मी एका पेशंटच्या दाढेत वाकले होते. मला हसू आवरेना, म्हणून दोन पावलं मागे सरले. त्यांचा नंबर आला तेव्हा मी जरा जास्तच आदरानं त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी आधी वरच्या दिव्याकडे पाहिलं, मग एक्स-रेच्या यंत्राकडे, आणि त्याची वायर पायात येते ती भिंतीकडून घ्या असं मला सांगितलं. ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी वायर हलवून घेतली.

त्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या भवानी पेठेतलं. वडिलांची लाकडाची वखार होती. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारण्याची कोणाची हिंमतही नव्हती. उंच, सडपातळ, सुती सलवार-कमीज, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात खोचलेली पेन्सिल. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी जीप घेतली होती. ती त्या चाळिसाच्या वर नेत नसत आणि हॉर्न वाजवत नसत. मागून कोणी वाजवला तर आरशात त्याच्याकडे असं पाहत, की तो माणूस उगाचच आपला खिसा चाचपे.

विद्यार्थ्यांनाही त्या अहो-जाहो करत. त्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी मला सांगत होती की मॅडमनी वर्गात कधी ‘समजलं का?’ असं विचारलं नाही. त्या विचारत, ‘काय समजलं, सांगा.’ त्यामुळे निम्मा वर्ग त्यांना घाबरायचा आणि उरलेला निम्मा दुसऱ्या कॉलेजातून चोरून त्यांच्या तासाला येऊन बसायचा. एखाद्या गोष्टीबद्दल त्या ‘दिसायला छान आहे’ म्हणाल्या, की ती वस्तू निकालात निघाली असं समजायचं. यापेक्षा वाईट शेरा त्यांच्याकडे नव्हता.

आमचा एक छोटा गट होता. महिन्यातून एका रविवारी भोरच्या पलीकडे, डोंगरातल्या वाड्यांवर तपासण्या करायला जायचो. डॉ. भालेराव स्त्रीरोगतज्ज्ञ, मी दातांसाठी, सुरेखाताई या निवृत्त परिचारिका, आणि सामान-माणसं न्यायला ज्याची गाडी मोकळी असेल तो. दातांचं काम संपल्यावर मॅडम एकदा म्हणाल्या, “मला औषधातलं कळत नाही. गाडी चालवता येते.” तेवढ्यावर त्या गटात आल्या.

त्या वाड्यांकडे जाताना खिंड ओलांडली की फोन बंद पडायचे. एकदा आमच्या दोन गाड्या एका फाट्यावर चुकल्या आणि दुपारभर एकमेकींची वाट पाहत दोन वेगवेगळ्या झाडांखाली उभ्या राहिल्या. परतल्यावर भालेराव म्हणाले की यावर काहीतरी केलं पाहिजे. बाकी सगळ्यांनी माना हलवल्या. मॅडम पुढच्या वेळी नियम वाचून आल्या. परवान्याशिवाय वापरता येणारा एक पट्टा असतो, त्यातले गाडीत बसवायचे मंजूर रेडिओ मिळतात, एका वेळी एकानं बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं. सेटची ताकद नियमानं ठरलेली, ती वाढवता येत नाही.

“म्हणजे सगळे सेट सारखेच,” त्या म्हणाल्या. “आवाज किती लांब जाईल हे ठरवायचं आपल्या हातात राहतं ते एका ठिकाणी. अँटेनात.”

गटात तेव्हा वैभव इंगोले नवा होता. मूळचा वाशीमचा, हिंजवडीत नोकरी, तिशीच्या आतला, मनानं उमदा. त्यानं नुकतीच नवी गाडी घेतली होती आणि ती गटाला द्यायला तो स्वतःहून पुढे आला होता. अँटेनाही त्यानंच ऑनलाइन मागवली होती. वीतभर लांबीची, काळ्या रबराची, बोटाएवढी जाड. मॅडमनी ती हातात फिरवून पाहिली.

“दिसायला छान आहे,” त्या म्हणाल्या.

वैभवला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो खूश झाला.

त्यांनी कोणाचं मत विचारलं नाही आणि आपलंही सांगितलं नाही. एका सुट्टीच्या सकाळी आम्हा सगळ्यांना मांजरीला बोलावलं. तिथे अजून उसाच्या शेतांमधून जाणारे सरळ, सपाट रस्ते उरले आहेत. वैभवनं गाडी घेऊन लांब लांब जायचं आणि सेटवरून औषधांची नावं वाचायची; सुरेखाताईंनी जीपमध्ये बसून ऐकलेलं नाव परत म्हणायचं.

सुरेखाताई पहिल्याच वेळी म्हणाल्या, “हो, येतंय ऐकू.”

“ऐकू येतंय, हे सांगू नका,” मॅडम म्हणाल्या. “काय ऐकू आलं ते सांगा.”

आळीपाळीनं अँटेना बदलून झाल्या. रबरी अँटेना गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर असताना नावांची शेपटं गळायला लागली तेव्हा वैभवची गाडी आम्हाला अजून दिसत होती. तीच अँटेना गाड्यांची अदलाबदल करून जीपच्या छताच्या मधोमध ठेवली, तर ती कालव्यापर्यंत नीट बोलली. आणि मॅडमनी आणलेली, कमरेपेक्षा उंच, बारीक स्टीलची काठी छताच्या मध्यावर चुंबकानं बसवली, तेव्हा वैभव जीप घेऊन वस्त्या ओलांडून पार रेल्वे फाटकापाशी जाऊन गोळ्यांची नावं वाचत होता आणि सुरेखाताई ती दुकानदारासारखी परत म्हणत होत्या.

मग मॅडमनी जीपच्या बोनेटला टेकून आम्हाला समजावलं. त्या वेळी त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. अँटेना म्हणजे नुसती काठी नाही, खालचा लोखंडी पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. काठी छताच्या मधोमध असली की चहूकडे सारखं बोलते. कोपऱ्यात लावली की जिकडे गाडीचा पत्रा जास्त, तिकडे तिचा जोर; पाठीमागे ती जवळजवळ मुकी. या पट्ट्यासाठी खरी पुरती लांबी माणसाच्या दीडपट भरेल, तेवढी गाडीवर लावता येत नाही, म्हणून बुडाशी तारेचं वेटोळं घालून लांबीची कसर भरून काढतात. पण जितकी तोकडी घ्याल तितकं नुकसान. शेवटी मापक जोडून टोक किंचित खालीवर करून जुळवून घ्यायची, नाहीतर सेटची ताकद बाहेर न जाता सेटमध्येच परतते.

“तेव्हा लांब घ्या, मधोमध लावा, आणि जुळवून घ्या,” त्या म्हणाल्या. “इंगोले, आपल्या गाडीलाही हीच.”

वैभव डोकं खाजवत होता. त्याच्या गाडीला वर काचेचं छत होतं. मधोमध पत्राच नव्हता. शिवाय सोसायटीचं पार्किंग तळघरात.

“एवढी काठी आमच्या पार्किंगच्या बीमला लागते, मॅडम. अन् वर काच आहे, चुंबक बसते कुठं? मागच्या कोपऱ्यावर छोटीच ठेवू ना. तशीही दोन-तीन वर्षांत तिथं टॉवर येते. आजकाल सगळं ॲपवर चालते.”

“चालते नव्हे, चालतं,” मॅडम म्हणाल्या. “आणि तिथे चालत नाही.”

आमच्यापैकी दोघं-तिघं हसले. मीही हसले असेन. वैभवचे कान लाल झाले. तो हसला नाही.

“आमच्याकडं असंच बोलतात, मॅडम,” तो म्हणाला, आणि मग मुद्दाम, एकेक अक्षर वेगळं करून, “समजलं ना तुम्हाले?”

मॅडमनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. खाली वाकून त्या केबल गुंडाळायला लागल्या.

“समजलं,” त्या म्हणाल्या. “लावा मागच्या कोपऱ्यावर. छोटीच लावा. चालेल.”

इतक्या ओळखीत ‘चालेल’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. त्या एक तर ‘हो’ म्हणत, नाहीतर ‘नाही’. मला ते खटकलं, पण सगळ्यांना भूक लागली होती आणि भालेरावांनी मिसळीचा विषय काढला होता.

पुढचे काही महिने काहीच बिघडलं नाही. दोन्ही गाड्या एकमेकींच्या मागे-पुढे असायच्या, तेवढ्यात छोटी अँटेनाही बोलायची. मॅडम आणि वैभव एकमेकांशी कामापुरतं बोलत. त्या त्याला ‘इंगोले’ म्हणत, तो त्यांना ‘जी मॅडम’. दोघांचंही वागणं अतिशय सभ्य होतं आणि ते पाहवत नसे.

पावसाळा सरत आला होता. त्या रविवारी वाडीवरच्या शाळेत तपासण्या चालू असताना एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव मंदा. आठवा महिना, पायांवर सूज, रक्तदाब खूप वाढलेला. भालेरावांनी दोनदा तपासलं आणि हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवलं.

“हिला भोरला न्यायचं. लगेच.”

मंदा चालत होती, बोलत होती. तिला वैभवच्या गाडीत निजवायचं ठरलं, कारण ती कमी आदळते. बरोबर सुरेखाताई आणि सासू. इंजेक्शनांची पेटी सुरेखाताईंजवळ ठेवली. “लागलं तर मी सांगेन सेटवर,” भालेराव म्हणाले. ते स्वतः आमच्या जीपमध्ये पुढे बसले. खिंड ओलांडल्यावर पहिल्यांदा फोन लागतो तिथून त्यांना रुग्णालयाला तयारी करायला सांगायचं होतं. मी मागे बसले.

मॅडमनी त्या दिवशी पहिल्यांदाच जीप पळवली. आम्ही खिंड ओलांडून थोडं खाली उतरलो, फोन लागला, भालेराव बोलले. आम्ही थांबलो. वैभव पोटुशीला घेऊन सावकाश येत होता, त्यामुळे अंतर पडणार हे माहीत होतं. पण गाडी यायची वेळ झाली, टळली, आणि तरी वळणावर काही दिसेना. मॅडम सेटवर हाक देत होत्या. नुसती खरखर.

त्यांनी जीप वळवली आणि परत खिंडीत नेली.

वर पोचल्यावर समोरची दरी दिसली. ढग खालून वर सरकत होते. दोन वळणं खाली, जिथून आम्ही मघाशी आलो होतो, तिथे रस्ता नव्हता. डोंगराची लाल-तपकिरी माती वरपासून खालपर्यंत ओघळली होती, झाडांसकट. तिच्याखाली काही आहे की नाही, वरून कळायला मार्ग नव्हता.

भालेराव दार उघडून उतरले आणि तसेच उभे राहिले. मी उतरलेच नाही.

मॅडमनी जीप खिंडीच्या अगदी कडेला, जिथे दोन्ही बाजूंचे कातळ संपतात तिथे नेऊन उभी केली. इंजिन बंद केलं, म्हणजे त्याची खरखर मिसळायला नको. आणि बोलायला लागल्या. आवाज वर्गातला, सपाट.

“इंगोले. तांबोळी बोलतेय. कुठे आहात?”

बटण सोडलं. खरखर.

“इंगोले. कुठे आहात?”

असं किती वेळ चाललं मी सांगू शकणार नाही. भालेराव म्हणाले, “मी खाली चालत जातो.” मॅडमनी नुसता हात वर केला आणि डोळे मिटून कान सेटजवळ नेला.

खरखरीच्या आत काहीतरी होतं. एक अक्षर. मग काही नाही. मग पुन्हा, “…ड्याशी… मॅड…”

मी रडायला लागले. मॅडमनी मागे न पाहता म्हटलं, “डॉक्टर, आत्ता नको. ऐकू येत नाही.”

“ओढ्याशी,” त्या भालेरावांना म्हणाल्या. “ओढ्यावरच्या मोरीपाशी आहेत. दरडीच्या बऱ्याच मागे. ती कोसळताना पाहून थांबले असतील. गाडी शाबूत आहे.” मग बोटानं जीपच्या काचेवर साचलेल्या वाफेत त्यांनी रस्ता काढला, त्याचं वळण काढलं, आणि गाडीचं तोंड कुठे असेल तिथे टिंब दिलं. त्या टिंबाकडे त्या पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा मी आरशात पाहत होते. तो एकदम म्हातारा दिसला.

“ओढ्यापाशी रस्ता खिंडीकडे पाठ करून जातो. अँटेना मागच्या डाव्या कोपऱ्यावर. म्हणजे आपण बरोबर तिच्या पाठीमागे आहोत,” त्या म्हणाल्या. “गाडी उलटी वळवली तर आवाज येईल.”

“त्या रस्त्यावर? कडेला ओढा वाहतोय,” भालेराव म्हणाले.

“मोरीच्या अलीकडे रुंद जागा आहे. दोनदा मागे-पुढे केली तर वळेल.” त्यांनी बटणावर अंगठा ठेवला आणि क्षणभर दाबला नाही. तिथून कोणालाही गाडी हलवायला सांगणं म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मग दाबला.

“इंगोले. गाडी वळवा. गाडी. वळवा. तोंड खिंडीकडे. काय ऐकलं?”

“…डी… ळव…”

“गाडी. वळवा. तोंड. खिंडीकडे.”

त्या तेच शब्द, त्याच चालीत, मध्ये तेवढंच अंतर ठेवून म्हणत राहिल्या. एकदाही आवाज चढवला नाही. मग पलीकडून येणारी तुटकी अक्षरंही थांबली. गाडी वळत होती, की ओढ्यात गेली होती, आम्हाला कळायला काही साधन नव्हतं.

“मॅडम, वळवली.”

आवाज एवढा स्पष्ट आला की आम्ही तिघंही दचकलो. लगेच सुरेखाताई बोलल्या. मंदाचं डोकं असह्य दुखत होतं आणि तिला समोरचं दिसेनासं झालं होतं. मागून सासूचा आवाज येत होता, “पोरीला दिसंना झालंय हो बाई, काय तरी करा.”

भालेरावांनी माइक हातात घेतला. ते भराभर बोलले, पेटीतलं कोणतं औषध, किती, कमरेखाली दोन्ही बाजूंना एकेक सुई. पलीकडून उत्तर आलं, “दोन… एका बाजूला. हो डॉक्टर.”

भालेरावांचा चेहरा उतरला. मॅडमनी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

“थांबा. काही देऊ नका. सुरेखाताई, मी एक वाक्य बोलेन. तुम्ही तेच परत म्हणा. डावीकडे एक.”

“डावीकडे एक.”

“उजवीकडे एक.”

“उजवीकडे एक.”

“एका बाजूला दोन नाहीत. काय समजलं?”

“डावीकडे एक, उजवीकडे एक. एका बाजूला दोन नाहीत.”

मग त्यांनी भालेरावांकडून औषधाचं नाव वदवून घेतलं, बाटलीवरची पहिली अक्षरं सुरेखाताईंकडून वाचून घेतली, आणि मगच म्हणाल्या, “द्या.”

पुढचं सगळंही त्या सेटवरूनच झालं. सासूला एक जुनी पायवाट माहीत होती, ओढ्यापासून थेट खिंडीत चढणारी, दरडीला वळसा घालून. वैभव गाडी तशीच सोडून वाडीकडे पळाला आणि माणसं घेऊन आला. त्यांनी मंदाला बाजेवर घातलं आणि चढायला लागले. वैभव खाली सेटपाशी राहिला आणि बाज कुठवर दिसते ते सांगत राहिला. सुरेखाताई बाजेबरोबर चालत होत्या. कातळाआडून पहिला माणूस वर आला तेव्हा मॅडम जीपमधून उतरल्या, मागचं सीट पाडलं, आणि त्यावर आपली ओढणी पसरली.

मंदाला भोरहून पुण्याला आणावं लागलं. मुलगी झाली, अगदी लहानशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या. मंदाची नजरही परत आली. भालेराव म्हणाले, त्या ओढ्यापाशी औषध मिळालं नसतं तर हिला भोर दिसलं नसतं.

लोकांनी मॅडमचं कौतुक करायला सुरुवात केली. गटातल्या एकानं त्यांच्यासाठी फुलांचा गुच्छ आणला. त्यांनी तो माझ्या दवाखान्यात आणून ठेवला आणि म्हणाल्या, “पेशंटना बरं वाटेल.” मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही होतात म्हणून झालं.” त्या म्हणाल्या, “मी होते म्हणूनच ती वेळ आली.”

वैभव मात्र यायचा बंद झाला. दरड हटेपर्यंत तो वाडीवरच राहिला होता. पुण्यात परतल्यावर फोन उचलेना. आपल्या हट्टापायी एक बाई मरता मरता वाचली, हे त्यानं मनाला लावून घेतलं होतं. भालेराव म्हणाले, वेळ जाऊ द्या.

मॅडमनी वेळ जाऊ दिली नाही. त्या एका संध्याकाळी जीप घेऊन हिंजवडीला गेल्या. ज्या वेळी सगळी वाहनं तिथून बाहेर पडतात, त्या वेळी या आत शिरल्या. त्याच्या ऑफिसच्या फाटकावर पहारेकऱ्यानं विचारलं, कोणाकडे? म्हणाल्या, “इंगोले. मी थांबते.” आणि कंपनीच्या बसगाड्यांच्या रांगेत जीप लावून बसून राहिल्या. वैभव बाहेर आला तेव्हा तीन बसचालक त्यांच्याशी वाद घालून दमले होते.

तिथे काय झालं ते मला वैभवनंच पुढे सांगितलं. चहाच्या टपरीमागच्या कठड्यावर दोघं बसले. त्यानं माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी थांबवलं.

“तुमच्या गाडीच्या काचेमागे छताचा पत्रा आहे,” त्या म्हणाल्या. “हातभर रुंद. मागच्या सीटच्या वर. तिथे चुंबक बसला असता. काठी तळघरात शिरताना काढून ठेवता आली असती. मांजरीला मी गाडीवर हात फिरवून पाहिलं असतं तर मला दिसलं असतं. मी पाहिलं नाही.”

“का नाही, मॅडम?”

“रागात होते.”

त्यांनी चहाचा पेला कठड्यावर ठेवला.

“लहानपणापासून लोक माझं मराठी तपासत आलेत, इंगोले. शाळेत, कॉलेजात, बँकेत, अजूनही. कोणी तपासलं की मला काय वाटतं ते मला माहीत आहे. आणि मी चारचौघांत तुमचं तपासलं. तुम्ही उत्तर दिलंत ते बरोबर दिलंत. मला ते सहन झालं नाही, म्हणून मी ‘चालेल’ म्हटलं. शिकवणाऱ्यानं रागावून ‘चालेल’ म्हणायचं नसतं. त्या ‘चालेल’च्या पलीकडे मंदा होती.”

वैभव म्हणाला, तो त्यांच्याकडे पाहूच शकला नाही. मग त्यांनी पिशवीतून मापक काढलं आणि म्हणाल्या, “गाडी कुठे आहे?” भर रहदारीच्या बाजूला, लोक बघत असताना, दोघांनी त्या हातभर पत्र्यावर लांब काठी बसवली. वैभव टोक वर-खाली करत होता, त्या काटा वाचत होत्या. “अजून थोडी. अजून. आता सगळं चालते,” त्या म्हणाल्या. तो चमकून त्यांच्याकडे पाहायला लागला. त्या काट्याकडेच बघत होत्या.

तांबोळी मॅडम गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. हृदयाचं दुखणं होतं. ते त्यांनी आमच्यापैकी कोणालाच, म्हणजे दोन डॉक्टरांनाही, सांगितलं नव्हतं. झोपेतच गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वाडीहून परत येताना. मंदाच्या मुलीचं उष्टावण करायचं होतं आणि मॅडम आल्याशिवाय घास भरवायचा नाही, असं सासूनं ठरवून टाकलं होतं. “बाई हायती म्हून पोर हाय,” ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. मॅडमना मूल कसं धरायचं ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ते एखादं उपकरण धरावं तसं, दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरलं. मुलीनं त्यांचा चष्मा ओढला आणि त्यांनी तो ओढू दिला.

त्या दिवशी आमची एकच गाडी गेली होती, त्यांची जीप. परत निघताना त्यांनी किल्ली वैभवकडे दिली. असं कधी झालं नव्हतं. “दमले जरा,” म्हणाल्या आणि माझ्याशेजारी मागे बसल्या. खिंडीचा चढ लागायच्या आत त्यांचा डोळा लागला. डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, अंबाडा सुटायला आलेला. त्यांना असं झोपलेलं मी प्रथमच पाहत होते.

पुढे सेट चालू होता, आणि नेहमीसारखी त्यातून खरखर येत होती. ती दाबायचं एक बटण सेटवर असतं. मॅडम ते वापरत नसत, कारण खरखर फार दाबली की लांबचा बारीक आवाजही तिच्याबरोबर दाबला जातो. वैभवनं आरशात त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांना नीट झोप मिळावी म्हणून हात पुढे करून सेटच बंद केला.

मॅडमनी डोळे उघडले.

“बंद का केलात?”

“तुम्ही झोपल्या होत्या, मॅडम. अन् आज आपली एकच गाडी आहे. बोलायचं कोणाशी?”

“आपल्याला बोलायचं नाहीये,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कोणाला बोलायचं असेल तर?”

वैभवनं सेट परत चालू केला. खरखर सुरू झाली. त्यांनी क्षणभर ती ऐकली, ओढणी खांद्यावर सारखी केली, खिडकीला डोकं टेकलं, आणि खिंड उतरायला लागलो तेव्हा त्यांना पुन्हा गाढ झोप लागली होती.